तुम्ही विचारलंत म्हणून : पंच बसले, हात मिळवले, तरी भांडण का मिटत नाही?

प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो. "पंच बसवले, दोघांची समजूत काढली, देवळात हात मिळवले, पेढे वाटले. महिना झाला नाही तोच पुन्हा तेच. आमच्या गावातली माणसं एवढी कडू झाली काय?" विचारणारे सगळे कर्नाटकातल्या बेळगाव भागातले; कधी खानापूरकडचे असतात, कधी निपाणी-चिक्कोडी पट्ट्यातले, कधी बेळगावला लागून असलेल्या खेड्यातले.

माणसं कडू झालेली नसतात. पंचांचा क्रम चुकलेला असतो. नुकसान काय झालं हे मोजायच्या आधीच माफी मागून घेतली जाते, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला वाटतं की आपलं दुःख पेढ्यात गुंडाळून परत दिलं. तो हात मिळवतो, कारण समोर गाव बसलेलं असतं. घरी गेल्यावर मात्र रात्रभर तेच घोळवत बसतो.

म्हणून आधी टेप घ्यावी. बांधाचं भांडण घ्या. ३३० फूट लांबीचा बांध, म्हणजे ३३ फुटी साखळीनं दहा साखळ्या. तो दीड फूट सरकला असं एकजण म्हणतो. हिशेब केला तर ४९५ चौरस फूट होतात. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे हे अर्धा गुंठाही नाही. सोळा आण्यांचा गुंठा धरून सांगायचं तर सव्वासात आणे. दोन्ही भावक्यांना बांधावर उभं करून हा आकडा मोठ्यानं सांगितला की बऱ्याचदा दोन्हीकडचे गप्प होतात. "बघा, एवढ्यासाठी भांडताय" असं मात्र तिथं कुणी म्हणू नये. त्या गप्प होण्यात "म्हणजे मला दुखलंय ते जमिनीमुळं नव्हे" हे त्या माणसाचं त्यालाच कळत असतं. ते त्याला कळू द्यावं. बांध कोरला त्यापेक्षा न विचारता कोरला, हे जास्त लागलेलं असतं. हे पंचांनी सांगून उपयोग नाही, त्याच्या तोंडून यावं लागतं.

पंचांची टेप भांडणाचं माप दाखवते, हद्द ठरवत नाही, हेही तिथंच स्पष्ट करावं. हद्द ठरवायची तर रीतसर अर्ज करून हद्दबस्त मोजणी मागवावी, सर्वेअर येईल त्या दिवशी दोन्ही बाजू हजर राहाव्यात, आणि दगड रोवताना दोघांनीही बघावं. एकाच्या गैरहजेरीत रोवलेला दगड पहिल्या पावसाळ्यात जागेवरून हलतो, असंच समजा.

बैठकीआधी दोन्ही घरी जाऊन यायला हवं, आणि एकदा नव्हे, दोनदा. भांडणाच्या दिवशी जाऊ नये. तिसऱ्या दिवसापासून आठव्यापर्यंतचा काळ चांगला. त्याआधी डोकं तापलेलं असतं. त्यानंतर दोन्हीकडं सल्लागार जमा होतात आणि पोरांच्या मोबाईलवर स्टेटस चढतात. जाणारा माणूस दोन्ही घरी जेवलेला असावा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभा राहणारा नको, दोघांपैकी कुणाला उसने पैसे दिलेला नको. घरातल्या बायकांशी बोलल्याशिवाय परत येऊ नये. नळाचं, मोरीचं, भिंतीचं भांडण रोज त्याच सोसत असतात, आणि पंचांपुढं मात्र नवरे बसतात. अशी बैठक टिकत नाही याचं कारण वेगळं शोधायला नको.

घरी गेल्यावर विचारायचं फार थोडं असतं. पहिल्यांदा काय झालं? तुम्हाला सगळ्यात जास्त काय लागलं? उद्या त्यांच्या दारावरून जाताना मान खाली घालावी लागू नये, यासाठी काय व्हायला पाहिजे? मग ऐकत राहायचं. माणूस तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागला की त्याचं बोलून झालं असं धरावं. एका घरातलं वाक्य दुसऱ्या घरात न्यायचं असेल तर "अण्णा, हे त्यांना सांगू काय?" असं विचारूनच. बहुतेक तडजोडी इथं फसतात, कारण मध्यस्थ चांगल्या मनानं निरोप नेतो आणि वाटेत त्याच्या आवाजाचा सूर बदलतो.

पागोळ्यांचं उदाहरण थोडं सविस्तर सांगतो, कारण खानापूरच्या पावसाच्या मुलखात हे भांडण घरोघर आहे. एकाचं कौलारू छप्पर, शेजारी दुसऱ्याची मातीची भिंत, मध्ये दोन-तीन फुटांची बोळ. छपराच्या पागोळ्या बोळात पडतात, शिंतोडे उडून भिंतीचा पाया भिजतो, दोन पावसाळ्यांत खालची माती सुटते. भिंतवाला शिव्या देतो. छपरवाला म्हणतो, आजोबांच्या काळापासून पाणी इथंच पडतंय. दोघंही खरं बोलत असतात. इथं "शेजारधर्म पाळा" म्हणून काही होत नाही. छपराच्या कडेला सहा इंची पीव्हीसीची पन्हळ बसवायची, दर दोन-तीन फुटांवर क्लॅम्प, दहा फुटांना निदान अर्धा इंच उतार, टोकाला चार इंची पाईप खाली गटारीपर्यंत. उतार कमी पडला तर पन्हळ मध्येच भरून वाहते, आणि मग "मुद्दाम अशी बसवली" असं नवं भांडण सुरू होतं. पन्हळीचा खर्च छपरवाल्यानं करावा, असं माझं मत. आणि शिडी लावायला, उभं राहायला भिंतवाल्यानं आपली जागा द्यावी. खर्चापेक्षा ही शिडीची परवानगी जड असते. आपल्या अंगणात त्या माणसाला पाय ठेवू देणं, एवढं जमलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

बैठकीची जागा बघून ठरवावी. देवळाचा सभामंडप सगळ्यांना मोकळा वाटतोच असं नाही. एक बाजू दुसऱ्या धर्माची किंवा दलित वस्तीतली असेल, तर शाळेची खोली किंवा पंचायतीचा हॉल बरा. पंच तीन किंवा पाच, त्यात निदान एक बाई. दोन्ही बाजूंची दोन-तीनच माणसं. सगळे एकाच सतरंजीवर, कुणी खुर्चीवर नाही. सकाळची वेळ घ्यावी. संध्याकाळी कुणीतरी पिऊन येतंच. दीड तासात मिटलं नाही तर उठावं, पुढची तारीख द्यावी. थकलेल्या माणसाकडून घेतलेला होकार दुसऱ्या दिवशी नकार होतो.

आपल्या भागात आणखी एक गुंता असतो. एकजण मराठीत बोलतो, दुसरा कन्नडमध्ये. दोघांना दोन्ही भाषा कळतात, पण राग आला की प्रत्येकजण आपल्याच भाषेत शिरतो. शिरू द्यावं. दोन्ही येणाऱ्या एकानं प्रत्येकाचं म्हणणं दुसऱ्या भाषेत शांतपणे पुन्हा सांगावं, शिव्या गाळून. पण मोरीचं भांडण 'मराठी-कन्नड' झालं, की पंचांनी ते ताबडतोब मोरीवर ओढून आणलंच पाहिजे. १९५६ पासूनचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा प्रश्न आहे, महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात त्यासाठी दावा घातला आहे. तो प्रश्न खरा आहे, जिव्हाळ्याचा आहे, आणि शेजारच्या अक्कांच्या सांडपाण्याशी त्याचा काही संबंध नाही. बाहेरच्या कुणाला हे भांडण हवं असेल तर त्याला आधी भाषाच जोडावी लागते. म्हणून त्या बैठकीत बाहेरचा माणूस नकोच.

आता माफी. "चुकलं असलं तर माफ करा" या वाक्यानं जितकी भांडणं पुन्हा पेटली, तितकी शिव्यांनीही पेटली नसतील. त्यातलं "असलं तर" ऐकणाऱ्याला बोचतं. माफी नेमकी असावी: "मंगळवारी नळावर मी तुमच्या आईंना वाईट बोललो. ते चुकलं. पुन्हा बोलणार नाही." काय केलं, ते चूक होतं, पुढं काय करणार; बस्स. कारण सांगू नये, "पण तुम्ही पण" तर नाहीच. अपमान चौकात झाला असेल तर माफी चौकात, घरात झाला असेल तर घरात. आईंना शिवी दिली तर माफी आईंकडं मागायची, मुलाकडं नव्हे. पाया पडायला कुणी सांगू नये. त्यात जात येते, वय येतं, आणि वाकलेला माणूस ते वाकणं विसरत नाही.

ऐकणाऱ्याला "अजून नाही" म्हणायची मोकळीक द्यावी. हे पंचांना जड जातं, कारण गावाला निकाल आजच हवा असतो. पण "तुमची माफी ऐकली, मला थोडा वेळ द्या" हे वाक्य घाईघाईच्या गळाभेटीपेक्षा कितीतरी पक्कं आहे. माफ करणं आणि भरपाई सोडून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याला सांगावं. जनावरांनी चरलेल्या पिकाचे पैसे घेऊनही माणूस माफ करू शकतो.

मग कागद. तारीख, नावं, सर्व्हे नंबर, किती फूट, कुणी कोणत्या तारखेपर्यंत काय करायचं, खर्च कुणाचा, मोबाईलवरचे स्टेटस कधी काढायचे, सगळं लिहावं. मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्यानं वाचावं, तीन प्रती कराव्यात. पंचांनी दंड वसूल करू नये आणि कुणाला वाळीत टाकण्याची भाषाही काढू नये. पलीकडं महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा वेगळा कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. जमिनीचा हक्क एकाकडून दुसऱ्याकडं जात असेल तर साधा कागद चालत नाही, तो सब-रजिस्ट्रारकडं नोंदवावाच लागतो. फौजदारी केस झाली असेल तर "स्टेशनात जाऊन मागं घेतली" म्हणून ती संपत नाही. किरकोळ मारहाण, शिवीगाळ यांसारखे तडजोडीला मोकळे असलेले गुन्हे कोर्टापुढं मिटवावे लागतात.

कागदाला बळ हवं असेल तर लोक अदालत आहे. पलीकडं महाराष्ट्रात, चंदगड-कागलकडं, २००७ पासून गावातले तंटे गावातच मिटवायची तंटामुक्त गाव मोहीम आली, आपल्याकडं ती नाही. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं बळ असलेली लोक अदालत दोन्हीकडं आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज द्यावा. केस दाखल झालेली नसली तरी चालतं. फी नाही, चालू दाव्यातली कोर्ट फी परत मिळते, तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. अपील नाही म्हणूनच सही करायच्या आधी घरी नेऊन दोन दिवस वाचावा.

काही गोष्टींत मात्र पंचांनी बसूच नये. बाईवर हात टाकला, पोराबाळांशी वाईट वागलं, हुंड्यासाठी छळलं, जातीवरून अत्याचार केला. अशा वेळी "गावाची अब्रू जाईल, माफ करून टाक" म्हणणं म्हणजे सोसलेल्या माणसाला पुन्हा सोसायला लावणं. तिथं आपलं काम तिच्याबरोबर पोलिसांपर्यंत जाण्याचं. तातडीच्या मदतीसाठी ११२, बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि मोफत वकिलासाठी १५१०० हे नंबर पंचायतीच्या भिंतीवर दोन्ही भाषांत लिहिलेले असावेत.

बैठकीनंतर आठ दिवसांनी एकदा आणि महिन्यानं एकदा दोन्ही घरी चक्कर मारावी. ठरलेली पन्हळ बसली काय, एवढंच बघायचं. माफी मागितलेल्या माणसाला आणि ऐकलेल्या माणसाला पुढचं पाऊल कळत नसतं; दोघंही दुसऱ्याच्या पहिल्या हाकेची वाट बघत बसतात. सण यासाठी उपयोगी पडतात. संक्रांतीचा तिळगूळ आहेच. निपाणी-चिक्कोडीकडच्या जैन घरांत दशलक्षण पर्वाचा पहिला दिवसच उत्तम क्षमेचा, आणि पर्व संपल्यावर क्षमावाणीला लोक एकमेकांकडं जाऊन क्षमा मागतात. दसऱ्याला आपण आपटा देऊन सोनं घ्या म्हणतो, कन्नड शेजारी शमीची पानं देऊन "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण" (बन्नी म्हणजे शमी घेऊन सोन्यासारखं राहूया) म्हणतात. त्या संध्याकाळी कुणाच्याही दारात जायला कारण लागत नाही. गावच्या लक्ष्मीदेवीच्या यात्रेसाठी घाईनं केलेली एकी वेगळी. ती देवी गदग्यावरून, म्हणजे यात्रेतल्या तिच्या बैठकीवरून, उतरेपर्यंतच टिकते, कारण तिथं हिशेब कुणी केलेला नसतो; यात्रेच्या निदान सहा महिने आधी बसावं.

आणि पागोळ्यांच्या घरांचं म्हणाल, तर मे महिन्याच्या शेवटी पन्हळीत साचलेला पालापाचोळा काढायला शिडी पुन्हा लावावी लागते. त्या दिवशी पंचांनी तिकडं फिरकू नये. ते दोघं आपापसात विचारून शिडी लावतात की नाही, हे पावसाच्या पहिल्या सरीला भिंतीकडं बघितलं की कळतं.