अंतर तेच, वेळ वेगळा

दोन विमानतळांमधलं अंतर शोधत बसण्याचा एक निरुपद्रवी चाळा मला आहे. जायचं कुठेच नसतं. दोन शहरांची नावं टाकायची, किलोमीटर बघायचे आणि उगाच समाधान पावायचं. लंडन ते न्यूयॉर्क, साधारण साडेपाच हजार. पण त्या आकड्याशेजारी ‘उड्डाणाचा वेळ’ दिसला की माझ्यातला पंतोजी जागा होतो. अंतराला वेगाने भागून काढलेला वेळ तो! विमान काही गणिताच्या वहीत उडत नाही.

आधी अंतराचंच बघा. न्यूयॉर्क आणि माद्रिद जवळपास एकाच अक्षांशावर, चाळिसाच्या किंचित वर. नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ नाकासमोर पूर्वेला जाते. खुर्चीपुढच्या पडद्यावरचं चिमुकलं विमान मात्र उत्तरेकडे कमान टाकत निघतं आणि शेजारचा प्रवासी हमखास कुरकुरतो, ‘एवढा वळसा कशाला?’ वळसा नसतोच तो. चेंडूवर दोरा ताणून पाहिला की शंका फिटते.

अर्थात, या दोऱ्याला राजकारण जुमानत नाही. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपातल्या विमान कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकीहून टोकियोला नऊ-साडेनऊ तासांत जाणारी विमानं तेरा तासांच्या घरात गेली. विमानतळ दोन्ही होते तिथेच.

खरी गंमत वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे ‘जेट स्ट्रीम’ नावाचा वाऱ्याचा लोट वाहतो, हिवाळ्यात तर फारच जोरात. विमानाचा वेग भोवतालच्या हवेच्या मानाने ताशी नऊशेच्या आसपासच राहतो. पण ती हवाच पुढे पळत असेल तर पडद्यावरचा जमिनीच्या हिशोबातला आकडा हजार, अकराशे, त्याच्याही वर चढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी या बाजूला सहा-सात तास लागतात आणि उलट जाताना त्याहून तासभर जास्त. तेव्हा ‘लंडन–न्यूयॉर्क किती तास?’ या प्रश्नावर ‘जाताना की येताना?’ असं विचारणारा माणूस मला लगेच जवळचा वाटतो.

तिकिटावरचा वेळ तर निव्वळ उड्डाणाचा नसतोच. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं की तो सुरू होतो आणि पोचल्यावर पुन्हा ठोकळे लागले की संपतो. म्हणूनच त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. धावपट्टीसाठीची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात आलं. वर कंपन्या पदरची काही मिनिटं घालून ठेवतात. मग ‘आपण वेळेआधी पोचलो आहोत’ अशी घोषणा होते, तेव्हा टाळ्या वाजवाव्यात असं मला तरी वाटत नाही.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी एक नियमित विमानसेवा आहे. अंतर जेमतेम २.७ किलोमीटर, वारा पाठीशी असताना ही उडी मिनिटभराच्या आतही झालेली आहे. वेळापत्रकात मात्र दोन मिनिटं धरलेली असतात.