एक अर्धं, एक शून्य

आमच्या आईचा वाढदिवस १ जूनला असतो. म्हणजे खरा नाही, खरा श्रावणातला आहे आणि ती तो तिथीनेच धरते, पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे १ जून ठोकून दिला आणि तोच पुढे आधार कार्डावर आला. १ जून १९४८. आता गंमत अशी की एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली तीपण १ जून १९४८ लाच. हे माझ्या वाचनात आलं तेव्हा मी लगेच फोन करून तिला सांगितलं, तर म्हणाली, "मग त्यांनी मला तिकीट माफ केलं त्यात काय एवढं."

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली ऑगस्ट २०२२ पासून. आई कागदोपत्री जून २०२३ मध्ये त्यात बसली आणि तेव्हापासून ती घरात कमी आणि स्टँडवर जास्त असते, असं माझ्या वहिनीचं म्हणणं. आई भावाकडे कराडला असते, मी पुण्यात, त्यामुळे मला ती कुठे कुठे जाऊन आली ते फोनवर कळतं, तेही परत आल्यावर, कारण आधी सांगितलं तर आम्ही ऊन आहे पाऊस आहे गुडघे आहेत असं काहीतरी काढणार हे तिला पक्कं ठाऊक आहे.

आधी ती कुठे गेलीच नाही असं नाही हां. पण प्रत्येक जाण्याला कारण असायचं. लग्न, मुंज, कुणाचं बाळंतपण, कुणाची मयत, आणि यातलं काहीच नसलं तर देव. "सहज गेले होते" हे वाक्य मी पन्नास वर्षांत तिच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि खरं तर तिच्या वयाच्या कुठल्याच बाईच्या तोंडून ऐकलेलं नाही. बाईमाणूस उगाच कुठे चाललं म्हटलं की चार लोक विचारणार, का हो, काय काढलंत? त्याला उत्तर तयार पाहिजे. नवस फेडायचा राहिलाय हे उत्तर सगळ्यात बेस्ट, त्यावर कुणी पुढे बोलत नाही.

पण ती औदुंबरला जाऊन आली ना, की देवाबद्दल एकच वाक्य, "दर्शन छान झालं." संपलं. आणि मग पाऊण तास बाकीचं. शेजारी बसलेली बाई पलूसची होती आणि तिच्या जावेची बहीण आपल्या गल्लीत दिलीय, ऊस यंदा कमी दिसतोय, कंडक्टर मुलगी होती आणि तिचं लेकरू चार महिन्यांचं आहे ते सासूकडे ठेवून ती ड्युटीला येते, बघ बाई. देव बिचारा त्या पाऊण तासात कुठेही नसतो. यात देवाचा अपमान आहे असं मला वाटत नाही. पंढरीला पायी जाणारे कितीतरी जण रांगेत उभेच राहत नाहीत, चंद्रभागेत डुबकी मारायची, कळसाला हात जोडायचे आणि परत फिरायचं. मग अडीच-तीन आठवडे पावसात चालले कशासाठी? त्यांना विचारलं तर ते माऊलीसाठी म्हणतील आणि ते खरंच आहे, पण घरी गेल्यावर सांगतील ते दिवे घाटातलं आणि दिंडीतल्या भांडणांचं.

आमच्या पिढीला कारण लागत नाही असं आम्ही समजतो. गेल्या वर्षी आम्ही चौघं बालीला गेलो होतो. का? तर सगळे जातात, आणि मुलीच्या बारावीच्या आधी एकदा कुठेतरी, आणि ऑफर होती. पाच दिवसांत टूरवाल्याने जे जे दाखवायचं ते सगळं दाखवलं, माझ्या फोनमध्ये हजारभर फोटो आहेत ज्यातले मी नंतर तीनदासुद्धा बघितलेले नाहीत, आणि कुणी विचारलं कसं होतं तर मी म्हणते मस्त. मस्तच्या पुढे माझ्याकडे काही नाही. आईकडे कराड ते औदुंबरवर पाऊण तास आहे. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा जरा टोचलं, खोटं कशाला बोला.

मग एकदा मी तिच्या सगळ्या फेऱ्या मनातल्या मनात मांडून बघितल्या. औदुंबर. नरसोबाची वाडी. वाई. माहुली. सांगलीजवळचं हरिपूर. आणि शेजारच्या काकूंना घेऊन सातारामार्गे थेट क्षेत्र महाबळेश्वर. ही सगळी देवाची ठिकाणं म्हणून मी सोडून दिली होती, पण यातलं एकही कृष्णेला सोडून नाही! म्हणजे ही बाई दोन वर्षं तुकड्या-तुकड्याने नदीच्या मागे मागे फिरत होती, आणि कुणाला कळू नये म्हणून प्रत्येक तुकड्यावर एकेक देव ठेवला होता. मी फोनवर विचारलं तर आधी "छे, काहीतरीच" आणि मग थोडं थांबून, "आपल्या दारातनं रोज जाते, कुठनं येते आणि कुठं जाते बघायला नको?"

कराडच्या माणसाला हे वाटणं साहजिक आहे म्हणा. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या, पण तिथनं ज्या वेगळ्या होतात त्या कोयना मागच्या दरीतनं लांबून फिरून येते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला अगदी समोरून येऊन भिडते. लहानपणापासून आम्ही तिथे भेळ खायला जातो, यशवंतरावांच्या समाधीपाशी बसतो, आणि पाणी कुठून आलं हा प्रश्न कधी पडला नाही. आईला पडला आणि तिने तो पंचाहत्तर वर्षं धरून ठेवला. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखातनं पडणारी धार बघून आली तेव्हा तिचा आवाजच वेगळा होता. "अगं एवढीशी. नळाला येते तेवढी. आणि २०१९ ला हिनेच सांगली बुडवली का गं?"

असो. मुद्दा हा नव्हता. मुद्दा असा की यंदा थंडीत मी सुट्टी घेऊन कराडला गेले आणि म्हटलं, या वेळी मी येते तुझ्याबरोबर, गाडीने जाऊ. आई म्हणाली यायचं तर ये पण एसटीने, गाडीत बोलायला कुणी नसतं. मी काय, भिंत आहे का? पण नाही. सकाळी सहाला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी, आणि प्लास्टिकच्या पाऊचमध्ये ओरिजिनल आधार कार्ड, झेरॉक्स नको, एकदा कंडक्टरने झेरॉक्स चालत नाही म्हटलं होतं तेव्हापासून तिने तो धडाच घेतलाय. सांगलीच्या गाडीत बसलो. मला बायकांचं अर्धं तिकीट, तेही एक २०२३ च्या मार्चपासून सुरू झालंय, आणि आईला शून्य रुपयांचं. कंडक्टर मशीनची बटणं दाबत म्हणाला, "एक अर्धं, एक शून्य," आणि आईने ते शून्याचं तिकीट असं नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं की जणू सोन्याची पावती.

गाडी सुटली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. बराच वेळ कळेना काय ते. मग बघितलं तर आईचे हात. मांडीवर नुसते ठेवलेले. म्हणजे माझ्या आठवणीत आईचे हात रिकामे असे कधी नाहीतच, टीव्ही बघतानापण लसूण सोलत असते किंवा वाती वळत असते, फोनवर बोलताना ओटा पुसते, आणि दुपारी आडवी झाली तरी कुणीतरी हाक मारतंच, आई माझा टॉवेल, आजी डबा, अहो आई तो गॅसवाला आलाय. इथे काही तास कुणी हाक मारणार नव्हतं. तिला हाक मारू शकेल अशी एकच व्यक्ती गाडीत होती आणि ती मी, आणि मी अक्कल येऊन गप्प बसले. बालीहून मी आले तेव्हा पण हात भरलेलेच होते, फोनने.

माणसं फिरायला का जातात यावर लोक काय काय सांगतात, अनुभवाच्या कक्षा रुंदावतात, नवीन संस्कृती कळते, स्वतःचा शोध लागतो वगैरे. असेल. आईला स्वतःचा शोध वगैरे लावायचा नाही, ती कुठे हरवलेली नाही. तिला काही तास कुणाची कुणीच नसणं आवडतं, आणि गंमत म्हणजे तसं झाल्या झाल्या ती पहिल्या दहा मिनिटांत शेजारणीशी नातं जोडून मोकळी होते. "कुठल्या म्हणायच्या तुम्ही?" आष्ट्याच्या. आष्ट्यात आमच्या नणंदेची जाऊ. झालं, सांगली येईपर्यंत दोघींनी एकमेकींच्या सुनांची पोटभर तारीफ केली, ती ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की आई वहिनीचं इतकं कौतुक करते. घरी कधी ऐकलं नव्हतं. वहिनीने तर नाहीच.

सांगलीहून वाडीला. कोल्हापूरकडून येणारी पंचगंगा आणि कृष्णेचा संगम, पादुकांचं दर्शन, घाटावर थोडं बसणं. पावसाळ्यात इथे नदी देवळात शिरते आणि पादुकांवरून पाणी वाहतं, त्याला दक्षिणद्वार म्हणतात आणि लोक त्यात स्नानाला गर्दी करतात. माणसांनी देवाकडे जायचं सोडून नदीच देवाकडे येते. मग बासुंदी, कवठाची बर्फी, आणि दोन किलो वांगी. मी म्हटलं आई वांगी कराडला पण मिळतात की, त्याच नदीची आहेत. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पिशवी मुकाट्याने खांद्याला लावली.

खरं जायचं होतं ते पुढे, खिद्रापूरला. कुरुंदवाडहून गाडी बदलून. कोपेश्वराचं देऊळ, शिलाहारांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, आणि पुढे स्वर्गमंडप, ४८ खांब आणि वर छत नाहीच, मधोमध गोल आभाळ. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र बरोबर त्या गोलात येतो म्हणून तेव्हा तुफान गर्दी असते, आम्ही गेलो त्या दिवशी आम्ही दोघी, एक कुत्रं आणि कॉलेजची चार पोरं. आई त्या गोलाखालच्या दगडावर उभी राहून वर बघत बसली, मान दुखेपर्यंत. पोरांनी तिचा फोटो काढला. मी नाही काढला, आणि त्याचं मला आता वाईट वाटतंय, म्हणजे फोटोंबद्दल मी वर जे बोलले ते पूर्ण खरं नाही.

शंकराचं देऊळ पण समोर नंदी नाही. आईच्या ते लगेच लक्षात आलं. तिथल्या एका आजोबांनी गोष्ट सांगितली की दक्षाने यज्ञाला लेकीला बोलावलंच नाही, तरी सती माहेरच्या ओढीने निघाली, नंदीवर बसून, तो नंदी तिकडेच आहे, नदीपलीकडे यडूरला. सतीचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीतच आहे, म्हणून हा इथे कोपलेला शंकर, कोपेश्वर, आणि त्याची समजूत घालायला शेजारी विष्णू, धोपेश्वर म्हणून. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बिनबोलावता गेली हे चुकलंच. पण गाडी मात्र नवऱ्याची घेऊन गेली बघ."

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

यडूर कर्नाटकात. आपलं फुकट तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंतच. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे म्हटल्यावर आई खुश झाली, तर आजोबा म्हणाले ते तिथल्या बायकांना, तिथलं आधार पाहिजे. म्हणजे नदी पुढे जाणार, पार आंध्रापर्यंत, उगमापासून सगळी मिळून चौदाशे किलोमीटर, आणि आई इथवरच. मला वाटलं विषय संपला. आम्ही पारावर बसून उरलेल्या दशम्या खाल्ल्या आणि कुरुंदवाडची गाडी पकडली. बराच वेळ ती खिडकीतनं उसाकडे बघत गप्प होती, हात मांडीवर.

"यडूरला किती पडत असतील गं?"

"आई, तिकडे फुल तिकीट लागेल. आणि तू तर म्हणतेस फुकट आहे म्हणून जाते."

"असं वहिनीला सांगते मी," ती म्हणाली. मग पर्समधनं पाकीट काढलं, आतल्या कप्प्यातनं अजून एक छोटी घडी काढली, शंभराच्या नोटा होत्या, मोजल्या, परत ठेवल्या. "उन्हाळ्यात पाणी कमी असतं. चैत्रात जाऊ. तुझं पण मीच काढीन."

तेवढ्यात कंडक्टर आला आणि तिने आधार कार्ड पुढे केलं.