चार्जर भिंतीवर, गोम जमिनीत

इलेक्ट्रिक गाडी बुक केली आणि त्याच रात्रीपासून चार्जर शोधायला लागलो. सात किलोवॅटचा की अकराचा, ॲपवाला की साधा, यात दोन आठवडे घालवले. अकराचा जवळजवळ ठरलाच होता. मग गाडीचं माहितीपत्रक नीट वाचलं. भिंतीवरच्या डब्याला आपण चार्जर म्हणतो खरं, पण घरात येणाऱ्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी करणारा खरा चार्जर गाडीच्या पोटातच असतो. किती अँपिअर ओढायचे तेवढं डबा गाडीला सांगतो. माझ्या गाडीतला होता ७.२ किलोवॅटचा, सिंगल फेज. अकराचा डबा थ्री-फेजवर प्रत्येक फेजला १६ अँपिअर देतो, म्हणजे माझ्या गाडीला जेमतेम ३.७ किलोवॅट मिळाले असते. जास्त पैसे मोजून निम्मा वेग! मुकाट्याने साधा, ३२ अँपिअरचा घेतला.

तो येईपर्यंत गाडीसोबतची केबल पार्किंगमधल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावत होतो. तिसऱ्या रात्री सहज हात लावला तर प्लग चटका बसेल इतका तापलेला. गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो, गाडी रात्रभर ओढत राहते, हे डोक्यातच आलं नव्हतं. वायरमनने बोर्ड उघडला. फेजचा स्क्रू ढिला आणि वायरचं टोक काळं पडलेलं.

मीटरचा लोड वाढवून घेतला, त्यात फारशी कटकट झाली नाही. मेन बोर्डपासून स्वतंत्र लाइन ओढली. सहा चौरस मिलिमीटरची केबल चालली असती, पण अंतर जास्त म्हणून वायरमनने दहाची टाकली. जास्त करंट ओढला की लाइन तोडणारा ४० अँपिअरचा एमसीबी आणि करंटची गळती झाली की लाइन तोडणारी ए टाइपची आरसीसीबी बसवली. डीसीची गळती ओळखायची सोय डब्यातच होती.

बटण दाबलं. लाल दिवा. मल्टीमीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये १८ व्होल्ट, म्हणजे अर्थिंगमध्येच काहीतरी गडबड. मदतनीस पोरगा म्हणाला, "न्यूट्रल-अर्थ जोडून टाकू ना, दिवा जाईल." वायरमन खेकसलाच त्याच्यावर, "आणि मागे न्यूट्रल तुटला तर? अख्ख्या गाडीत करंट येईल, दाराला हात लावणारा चिकटेल!"

अर्थच्या वायरचा माग काढत अंगणातल्या खड्ड्यापर्यंत गेलो. क्लॅम्प गंजून सुटला होता, वायर नुसती मातीत पडलेली. कधीपासून, कोण जाणे. फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळं त्याच्याच भरवशावर चाललं होतं, आणि कुणी तक्रार केली नव्हती. चार्जरने मात्र पहिल्याच मिनिटाला पकडलं.

नवा तीन मीटरचा रॉड ठोकला. पुन्हा मोजलं, दीड व्होल्ट. दिवा हिरवा झाला. वायरमनने घराची अर्थिंगही त्याच रॉडवर घेतली.

गीझर चालू असताना नळाला हात लावला की कधीकधी मुंग्या यायच्या. आम्ही सगळे त्याला 'ओल्या हाताचा दोष' म्हणायचो. त्या दिवसापासून त्या बंद झाल्या.