डिशची जागा बदलल्यावर: झाड, केबल आणि सेकंदांचा हिशेब

नव्या घरी उपग्रहावरून इंटरनेट देणारी डिश सुरू झाली, वेग मोजला तर २०० एमबीपीएसच्या वर, आणि तरीही पुण्याला लावलेला व्हिडिओ कॉल मध्येच गोठायचा. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट शहरातल्या जुन्या घरी हीच डिश मोकळ्या छपरावर बिनतक्रार चालली होती. आता आम्ही शहरापासून बरेच बाहेर आलो आहोत आणि घराच्या दक्षिणेला निलगिरीची उंच रांग आहे. डिश स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेची, तिसऱ्या पिढीची. तिला मोटर नाही, त्यामुळे कल आणि दिशा दोन्ही हातानेच लावायची. डिश एका जागेवरून दुसरीकडे नेणाऱ्यांना कामी येईल म्हणून आतापर्यंत जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

पत्ता बदलण्याचं काम ॲपमधून लगेच झालं. घरगुती प्लॅन नोंदवलेल्या पत्त्याशी बांधलेला असतो, म्हणून ते आधी उरकावं. खरा वेळ जातो तो दिशेत.

या घराच्या छपरावर आधीच्या मालकांची स्काय मस्टर या दुसऱ्या उपग्रह-इंटरनेट सेवेची डिश अजून आहे. तिचं तोंड उत्तरेकडे, आमचीचं दक्षिणेकडे. स्काय मस्टरचे दोन्ही उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका जागी थांबल्यासारखे दिसतात आणि ऑस्ट्रेलियातून विषुववृत्त उत्तरेला आहे. (भारतात टीव्हीच्या छत्र्या दक्षिणेकडे बघतात तेही त्याच कारणाने.) स्टारलिंकचं गणित निराळं. त्यांचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून सतत पळत असतात आणि त्यातल्या बऱ्याच कक्षा विषुववृत्ताला ५३ अंशांनी कललेल्या आहेत. असा उपग्रह ५३ अक्षांशापर्यंत येतो, तिथे वळण घेतो आणि परत फिरतो. वळणापाशी तो जास्त रेंगाळतो, म्हणून त्या पट्ट्यात उपग्रहांची दाटी सर्वाधिक असते. आम्ही ३७.५ अंश दक्षिणेला, म्हणजे ती दाटी आमच्या दक्षिणेला. शिवाय उत्तरेच्या आकाशातला भूस्थिर, म्हणजे असे एका जागी दिसणाऱ्या उपग्रहांचा पट्टा स्टारलिंकला टाळावा लागतो, नाहीतर त्या उपग्रहांच्या सेवेत व्यत्यय येईल. या दोन्हींचा अर्थ व्यवहारात एवढाच: इथे उत्तरेचं झाड बऱ्यापैकी परवडतं, दक्षिणेचं अजिबात नाही.

दिशा लावताना मोबाइलच्या होकायंत्रावर भिस्त ठेवू नका. इथली छपरं पोलादी पत्र्याची असतात, सुई भलतीकडे जाते. त्यात या भागात चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या सुमारे ११ अंश पूर्वेला आहे. डिश स्वतःची दिशा स्वतः मोजते आणि ॲपमध्ये दाखवते. मी तोच आकडा धरला, खांबाची पकड सैल ठेवून ॲपमधल्या दोन आकृत्या एकमेकींवर येईपर्यंत डिश फिरवली आणि मग बोल्ट आवळले.

आता झाडाकडे. जागा बदलली की डिश अडथळ्यांचा नकाशा, म्हणजे आकाशाचा कोणता भाग झाकला जातो त्याचं चित्र, कोऱ्या पाटीवरून पुन्हा काढते. उपग्रह आकाशाच्या वेगवेगळ्या भागांतून जातात तसतसा तो भरत जातो, त्याला काही तास लागतात. सुरुवातीच्या हिरव्या खुणेवर कोणी निर्णय घेऊ नये. आमचा नकाशा भरला तेव्हा दक्षिणेला लाल पट्टा आला आणि अडथळा जेमतेम १ टक्का दिसला. ऐकायला किरकोळ वाटतो. पण दिवसाचा १ टक्का म्हणजे १४ मिनिटं २४ सेकंद, आणि ती सलग येत नाहीत, चार-पाच सेकंदांच्या तुकड्यांत दिवसभर विखुरतात. चित्रपट बघताना हे कळतही नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरलेला असतो. बोलण्याला मात्र असा साठा करता येत नाही. वेगाच्या चाचणीत हा दोष का दिसत नाही, याचं उत्तरही यातच आहे.

म्हणून वेग बाजूला ठेवला आणि सेकंदागणिक नोंद सुरू केली. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर तीन पिंग (उत्तर येतं का आणि किती वेळात, हे तपासणारे छोटे संदेश) कायमचे लावले: एक डिशला, म्हणजे १९२.१६८.१००.१ ला, दुसरा उपग्रहापलीकडच्या गेटवेला, म्हणजे स्टारलिंकच्या जाळ्याच्या दाराला, १००.६४.०.१ ला; तिसरा बाहेरच्या इंटरनेटवरच्या १.१.१.१ या सर्व्हरला. डिशची आतली आकडेवारीही पायथनच्या खुल्या साधनांनी पोर्ट ९२०० वरून वाचता येते, तीही त्याच फाइलमध्ये टाकली.

या नोंदीत मला सर्वांत मोलाची वाटली ती वेळेची खूण. स्टारलिंकचं जाळं दर १५ सेकंदांनी कोणती डिश कोणत्या उपग्रहाशी बोलणार हे नव्याने ठरवतं, आणि तेही जगभर एकाच वेळी, प्रत्येक मिनिटाच्या १२, २७, ४२ आणि ५७ व्या सेकंदाला. संशोधकांनी हे मोजून प्रसिद्ध केलेलं आहे. रास्पबेरी पायचं घड्याळ एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) बरोबर ठेवलं की घरबसल्या दिसतं: त्या सेकंदांना पिंगचा वेळ पायरीसारखा वर किंवा खाली सरकतो. ही पायरी म्हणजे बिघाड नव्हे. आमच्याकडचे जोडणीतले बरेचसे खंड कोणत्याही सेकंदाला सुरू व्हायचे, पण संपायचे बहुतेक या ठरलेल्या सेकंदांनाच. नेमलेला उपग्रह फांदीआड गेला, पुढची नेमणूक होईपर्यंत शांतता, मग नवा उपग्रह. झाडाचा हात आहे हे मला या नोंदीतून नकाशापेक्षा जास्त ठामपणे कळलं.

निलगिरी सदाहरित, त्यामुळे पानगळीची वाट बघण्यात अर्थ नव्हता. देशी झाडं तोडायला व्हिक्टोरियात बहुतेक ठिकाणी परवाना लागतो, आणि परवाना मिळाला असता तरी त्या झाडांवर कुऱ्हाड चालवायची माझी इच्छा नव्हती. मग भूमिती. क्षितिजापासून साधारण २५ अंशांवरचं आकाश मोकळं हवं असं धरून चाललो. सर्वांत त्रासदायक झाडाचा शेंडा डिशपेक्षा १० मीटर उंच आणि १२ मीटर दूर होता, म्हणजे अडवणूक ४० अंशांपर्यंत. डिश २ मीटर उंच नेली असती तर ती ३४ अंशांवर आली असती. त्याऐवजी उंची तीच ठेवून डिश आणखी ८ मीटर मागे, शेडच्या उत्तर टोकाला सरकवली तर २७. उंच खांब वाऱ्यात हलतो, त्याला ताण द्यावे लागतात. मागे सरकण्यात तो खटाटोप नाही. शेडवर टीव्ही अँटेनाचा आखूड, जाड खांब बसवला आणि डिश तिथे नेली. नकाशा परत भरल्यावर लाल पट्ट्याची जागा क्षितिजालगतच्या दोन-तीन ठिपक्यांनी घेतली.

कॉल बराच सुधारला, पण पहाटेचे खंड राहिले आणि त्यांची जात वेगळी होती. ते ठरलेल्या सेकंदांना संपत नव्हते, आणि त्या वेळी १९२.१६८.१००.१ सुद्धा गप्प. डिशच उत्तर देत नसेल तर आकाशाचा काय संबंध? दोष घरातच. डिशच्या आकडेवारीत त्याच वेळी इथरनेटचा, म्हणजे डिश ते राउटर या केबलचा वेग १००० एमबीपीएसवरून १०० वर उतरलेला. गिगाबिटला, म्हणजे १००० ला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एखादी जोडी नीट टेकत नसली की नेमकं असं होतं. डिश मागे नेल्याने मूळची १५ मीटरची केबल अपुरी पडली होती आणि वळचणीखाली कपलर (दोन केबली जोडणारा तुकडा) लावून ती तात्पुरती वाढवली होती. कपलर उघडला तर आत पहाटेचं दव आणि दोन पिनांवर हिरवट थर. याच केबलमधून डिशला वीजही जाते, तेव्हा अशी ओल नुसती हळू इंटरनेटवर भागत नाही, पिना झिजत जातात.

कपलर काढून ४५ मीटरची सलग केबल ओढली. शेडपासून घरापर्यंत ती नळीतून जाते. भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं आणि आत येत नाही. तेव्हापासून इथरनेट १००० वर स्थिर आहे आणि पिंगच्या आलेखात त्या ठरलेल्या सेकंदांना येणाऱ्या पायऱ्यांखेरीज फारसं काही उरलेलं नाही.

बाकी आहे ते असं: जोरदार वाऱ्याच्या रात्री शेंडे किती झुकतात आणि ते ठिपके पुन्हा पसरतात का, हे नोंदीत बघायचंय. उरलेल्या केबलचं वेटोळं शेडच्या पत्र्याला टेकलंय, ते लाकडी फळीवर हलवायचं. आणि राउटरमध्ये रांगेचं नियंत्रण (मोठ्या फाइलमागे कॉलचा डेटा अडकू नये म्हणूनची सोय) चालू करून कोणी मोठी फाइल वर चढवत असताना कॉलवर काय परिणाम होतो ते मोजायचं, कारण आता तिथेच सुधारणेला सर्वाधिक वाव दिसतोय.