एसएस७ ते सिप गेटवे, वडोदरा अपडेट: उचलायच्या आधीचा आवाज मिळाला

मंडळी, टेलिफोन एक्सचेंज आणि सिप (इंटरनेट कॉलचं सिग्नलिंग) यांना जोडणारा गेटवे घरी बनवतोय. त्यात पीआरआय (ग्राहकाच्या डिजिटल लाइनचं सिग्नलिंग) सोडून एसएस७ (एक्सचेंज एकमेकांशी बोलतात ते सिग्नलिंग) वर आलो आणि लिंक टिकून आहे. सेटअप तोच, दोन जुने पीसी, दोघांत ई१ (टाइमस्लॉटमधे वाटलेली डिजिटल टेलिफोन लाइन) कार्ड, मधे क्रॉसओव्हर केबल (१-२ च्या तारा ४-५ ला), दोन्हीकडे अ‍ॅस्टरिस्क (फोन एक्सचेंजचं सॉफ्टवेअर), एक एक्सचेंज झाला आणि दुसरा गेटवे. बाहेरची लाइन कुठेच जोडलेली नाही, लायसन्सशिवाय इंटरनेटचा कॉल पब्लिक नेटवर्कमधे सोडायचा नसतो, म्हणून सगळं इथेच रावपुऱ्यात घरच्या माळ्यावर.

क्लॉक एकाच बाजूने द्यायचं, सिग्नलिंग टाइमस्लॉट १६ वर, सीआयसी (आवाजाच्या प्रत्येक सर्किटचे) नंबर दोन्हीकडे जुळलेच पाहिजेत. मग आवाजाची काळजी नाही, ए-लॉ (फोन लाइनवरचं आवाजाचं कोडिंग) ६४ केबीपीएस इकडून तिकडे जसाच्या तसा जातो.

खरं काम सिग्नलिंगच्या जुळणीत आहे. सिपचं इन्व्हाइट (कॉलची मागणी) आलं की पलीकडे आयएएम (एसएस७ मधली तीच मागणी), तिकडून एएनएम (फोन उचलला) आलं की २०० ओके, बाय आलं की आरईएल (कॉल सोडा), हे सरळ. सगळा जीव मधल्या एसीएममधे (नंबर पूर्ण मिळाला, उचलायचा बाकी). त्यात सबस्क्रायबर फ्री असेल तर १८० रिंगिंग, तसं काहीच कळवलेलं नसेल तर १८३ (कॉल पुढे सरकतोय एवढंच), हे २००२ च्या आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) ३३९८ मधे नीट मांडलंय. फरक का पडतो, तर १८० मिळालं की बरेच सॉफ्टफोन स्वतःचीच रिंग ऐकवत बसतात आणि एक्सचेंज काय बोलतंय ते दबून जातं, पण १८३ सोबत एसडीपी (आवाज कुठे आणि कसा पाठवायचा ते) गेलं की कॉल उचलायच्या आधीच आरटीपी (आवाजाची पॅकेट) सुरू, आणि बिलिंग मात्र सुरू होत नाही.

टेस्टला मावशीच्या आवाजात ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ आधी गुजरातीत मग मराठीत रेकॉर्ड केलं, एक्सचेंजच्या डायलप्लॅनमधे (कॉलचं काय करायचं त्या सूचना) प्रोग्रेस आणि मग प्लेबॅक, नोआन्सर (कॉल न उचलता) लावून. वायरशार्कमधे (नेटवर्कची पॅकेट बघायचं टूल) २०० ओके कुठेच नाही आणि मावशी खणखणीत ऐकू येतेय, फार भारी वाटलं!

कॉज कोडपण (कॉल का लागला नाही ते सांगणारे) लागले, एसएस७ च्या १७ (बिझी) ला सिपचा ४८६, १ (नंबरच नाही) ला ४०४, ३४ (सर्किट नाही) ला ५०३. हे एकाच ‘कॉल फेल’मधे कोंबू नका, सर्किट नसेल तर दुसऱ्या रूटने ट्राय करता येतं, समोरचा बिझी असेल तर रूट बदलून काय मिळणार.

आता डीटीएमएफ (बटण दाबल्याचे टोन). जी.७२९ (आवाज दाबून पाठवणारं कोडिंग) च्या ८ केबीपीएसमधे टोनचा भरवसा नाही म्हणून आरएफसी ४७३३ चे इव्हेंट पाठवून गेटवेवर टोन परत बनवायचाय. आवाजातला उरलेला तुकडा आणि नवा टोन दोन्ही गेले तर एका आकड्याचे दोन होतात, ई१ वर हे कोणी आवरलं असेल तर सेटिंग टाका.