आमची वाटचाल : बेचाळीस नंबरची तार

आमचं दुकान बेळगावच्या शहापुरात आहे. बोर्डावर वर मोठ्या अक्षरांत कन्नड, खाली जरा बारीक मराठी आणि इंग्रजी : गिटार पिकअप, वायरिंग, दुरुस्ती. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेला, त्यांची थरथर विजेत बदलणारा भाग. साठ टक्के कन्नड हवं असा नियम आला तेव्हा बोर्ड नव्याने रंगवून घ्यावा लागला. रंगाऱ्याने विचारलं, "पिकअपला कन्नडमध्ये काय लिहू?" म्हटलं, पिकअपच लिही. "आणि मराठीत?" तेही पिकअपच. त्याचा परिणाम असा की "गोव्याला माल न्यायचा आहे, भाडं किती घेता ओ?" म्हणत आत येणारं गिऱ्हाईक आजही अधूनमधून असतंच. एकदोघांना मी गाडीवाल्याचा नंबरही दिलाय.

मूळचा धंदा अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, आणि तो मोटर रिवाइंडिंगचा. उद्यमबागेजवळ पत्र्याची शेड होती. येळ्ळूर, कडोली, खानापूरकडचे शेतकरी जळालेले पंप घेऊन यायचे. उन्हाळ्यात व्होल्टेज उतरलं की मोटर जास्त करंट ओढते, तापते, तारेवरचं इनॅमल करपतं आणि एका रात्रीत सगळं वाइंडिंग काळं पडतं. करपलेल्या वार्निशचा तो वास मला अजून घरचा वास वाटतो. शाळा सुटल्यावर माझं काम एकच, जुन्या कॉइलचे वेढे मोजायचे. चुकलो की अण्णा ओरडायचे नाहीत, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावायचे.

डिप्लोमाला असताना मी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. साधी, स्वस्तातली, स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) आकाराची. ऐन गणपतीत तिचा मानेकडचा पिकअप मुका झाला. दाखवली तिथे सांगितलं, नवा टाकावा लागेल, मुंबईहून मागवू, किंमत अमुक. ती किंमत गिटारच्या किमतीच्या अर्धी होती. घरी येऊन तोंड पाडून बसलो तर अण्णांनी पिकअप काढायला लावला आणि आपला काट्याचा मीटर लावला. काटा हललाच नाही. "तार तुटलीय. ही बी कॉइलच की रे. रडालास कशाला?"

पिकअपमध्ये जादू काही नाही. लोहचुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. वर गिटारची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये तेवढीच इवलीशी वीज उमटते. फरक आकड्यांचा. अण्णांच्या मोटरीत जाड तारेचे शेकड्यांनी वेढे. स्ट्रॅटच्या एका पिकअपमध्ये केसासारख्या तारेचे आठ हजारांच्या आसपास, म्हणजे हाताच्या तळव्यात मावणाऱ्या वस्तूत साधारण एक किलोमीटर तार.

तार कुठली घ्यायची याचं उत्तर सगळीकडे एकच मिळालं, ४२ नंबर. अण्णांच्या ओळखीच्या वायरवाल्याकडून ४२ नंबर आणली. तीन हजार वेढे व्हायच्या आतच बॉबिन काठोकाठ भरली. मीटर लावला तर जिथे सहा हजार ओहमच्या घरात यायला हवं तिथे एक हजारही नाही. दोन रविवार मी मोजणीतली चूक शोधत बसलो. शेवटी अण्णांनी तारेला मायक्रोमीटर लावला आणि हसायला लागले. पिकअपवाल्यांचा ४२ नंबर अमेरिकन गेजचा, ०.०६३ मिलिमीटर. आपल्या वाइंडिंगच्या बाजारात नंबर चालतात ते ब्रिटिश गेजचे, आणि तिथला ४२ म्हणजे ०.१० मिलिमीटर. अमेरिकन ४२ च्या सर्वांत जवळ आपला ४६ नंबर, ०.०६१. आज हे पाठ आहे, पण ती पहिली रीळ अजून कपाटात आहे. कुणाला रिले दुरुस्त करायचा असेल तर घेऊन जा.

मशीन घरीच बनवलं. शिलाई मशीनची मोटर, पायाखाली तिचंच पॅडल. मोजायला साधा कॅल्क्युलेटर : फिरत्या दांड्यावर छोटा चुंबक, समोर रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा), त्याच्या वायरी 'बरोबर'च्या बटणाला जोडलेल्या. एक अधिक एक करून ठेवायचं, मग प्रत्येक फेऱ्याला आकडा एकेक वाढत जातो. तार बोटांतूनच सोडायची. जोर जास्त झाला की तुटते, कमी झाला की वेढे सैल राहतात आणि मोठ्या आवाजात पिकअप स्वतःच किंचाळायला लागतो. पहिल्या पाच कॉइली तुटल्या. सहावी पूर्ण झाली.

सैल वेढे बसवायला मेण लागतं. पॅराफिन आणि थोडं मधमाशांचं मेण, साधारण पासष्ट अंशांवर वितळवून त्यात पिकअप बुडवून ठेवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. मी पहिल्यांदा घाई केली, घरातलं दूध तापवायचं पातेलं घेऊन थेट गॅसवर ठेवलं. बॉबिन जिलेबीसारखी वाकडी झाली, पातेलं कायमचं माझ्या नावावर झालं, आणि घर पेटलं नाही हे नशीब. मेण नेहमी पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवूनच तापवायचं, आणि थर्मामीटर न लावता तर नाहीच.

ऑर्केस्ट्रातल्या मित्रांच्या दोन-तीन गिटारी केल्या, मग कॅम्पातल्या चर्चमधला एक मुलगा आला, त्याच्यामार्फत गोव्याचे बँडवाले. चोरला घाट उतरला की गोवा, त्यामुळे ते सकाळी येऊन संध्याकाळी परत जातात. धारवाड आणि कोल्हापूरकडूनही कामं यायला लागली. पण रिवाइंडिंगवर पोट भरत नाही. बहुतेकांना विकत आणलेला नवा पिकअप नीट बसवून हवा असतो, म्हणून खरा धंदा उभा राहिला तो सोल्डरिंगवर. आणि तिथेच मी सगळ्यात मोठी चूक केली.

हंबकर म्हणजे जुळ्या कॉइलींचा पिकअप. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते मिळालं १९५९ मध्ये. दोन कॉइली उलट वेढ्यांच्या आणि उलट ध्रुवांच्या. बाहेरून शिरणारी विजेची घरघर दोघींत उलटसुलट होऊन मरते, तारेचा आवाज मात्र जुळून दुप्पट होतो. आजच्या हंबकरला चार रंगीत वायरी आणि एक उघडी असते, आणि रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा. डिमार्झिओत लाल वायर आवाजाची, काळी-पांढरी एकमेकींना जोडायच्या, हिरवी अर्थला. सेमूर डंकनमध्ये आवाजाची काळी, जोडायच्या त्या पांढरी-लाल, हिरवी अर्थला. मला डिमार्झिओची सवय झालेली. एका गोवेकराचा डंकन मी त्याच सवयीने जोडला. आवाज आला, म्हणून दिला. काळी आणि पांढरी ही डंकनमध्ये एकाच कॉइलची दोन टोकं आहेत. ती जोडली म्हणजे ती कॉइल शॉर्ट, आणि बिचारी दुसरी एकटीच वाजत राहिली. स्टेजवर आवाज पातळ आणि घरघर पहिल्यापेक्षा जास्त. तो भर पावसात घाट चढून परत आला. बोलला काहीच नाही, फक्त गिटार टेबलावर ठेवली. मजुरी परत केली, काम पुन्हा केलं, जेवायला घातलं. तेव्हापासून आम्ही रंगावर विश्वास ठेवत नाही. प्रत्येक कॉइल आधी मीटरवर वेगळी मोजायची, कागदावर लिहायची, मगच सोल्डरला हात.

"कुठला पिकअप घेऊ?" या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही, आणि त्यामुळे माझा धंदा थोडा बुडतो असं बायकोचं म्हणणं आहे. हिशेब तिच्याकडे असतो, तेव्हा खरंही असेल. पण येणाऱ्यांतल्या निम्म्यांना नवा पिकअप लागतच नाही. "आवाज दबलेला आहे" म्हणून आलेली गिटार उघडतो तर हंबकरला २५० के चा पॉट (आवाजाच्या बटणाखालचा, २५० हजार ओहमचा रेझिस्टन्स) लावलेला असतो. पॉट फक्त आवाज कमीजास्त करत नाही, पूर्ण उघडा असतानाही तो वरचे सूर थोडे खात असतो. म्हणून तीक्ष्ण सिंगल कॉइलला २५० के, भारदस्त हंबकरला ५०० के असा साधारण रिवाज आहे. पॉट बदलला की अर्ध्या तासात आणि चहा-नाश्त्याच्या पैशांत काम होतं. छापलेल्या आकड्यावरही जाऊ नका, मी पेटीभर पॉट मोजून त्यातले बरे वेगळे काढतो. स्वस्त गिटारीत भोक लहान पॉटचं असतं, मोठा अमेरिकन पॉट बसवायला ते रीमरने वाढवावं लागतं, तेवढी तयारी ठेवा.

कुणी पिकअप फार खाली बसवलेला असतो, कुणी तारेला टेकेल इतका वर. सिंगल कॉइलचे चुंबक जाड तारेच्या फार जवळ आले की तारेला ओढतात आणि वरच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) सूर डगमगतो. लोक त्याला ट्यूनिंगचा दोष समजतात. स्क्रू फिरवायचे मी पैसे घेत नाही.

टोनच्या कंडेन्सरवर (अण्णा कपॅसिटर म्हणत नाहीत, मग मीही नाही) माझं भांडण ठरलेलं. ०.०२२ की ०.०४७ मायक्रोफॅरड, यानं फरक पडतो. तेलातला की कागदातला, जुना की नवा, यानं पडतो असं मला कधी ऐकू आलेलं नाही. महागडा आणलात तर बसवून देईन, पण फरक ऐकू येतो अशी शपथ घ्यायला लावू नका.

आणि खरंच नवा पिकअप हवा असेल तर? मी आधी वाजवून घेतो, कुठल्या अँपवर, काय वाजवता ते बघतो. "जास्त ओहमचा द्या" म्हणणाऱ्याला थांबवतो. वेढे वाढवले की जोर वाढतो, पण वरची धार उतरते. शिवाय तारच बारीक घेतली तरी ओहम वाढतात, जोर तेवढा वाढत नाही. आकड्यावर पिकअप घेणं म्हणजे वजनावर पुस्तक घेणं. नंतर पट्टी काढतो. ब्रिजकडे (जिथे तारा गिटारच्या अंगावर टेकतात) दोन टोकांच्या तारांमधलं अंतर कुठे ४९-५० मिलिमीटर, कुठे ५२-५३. ते न बघता मागवलेला पिकअप बाहेरच्या तारांच्या खाली नेमका येत नाही.

एका मंडळाच्या ऑर्केस्ट्राचा गिटारवाला तिन्ही पिकअप काढून हंबकर टाका म्हणत आला होता, घरघर सहन होईना. दुकानात गिटार शांत. म्हणून रात्री मंडपात गेलो. एक्स्टेन्शन बोर्डाची अर्थची पिन कुणीतरी कापून टाकली होती, सॉकेटमध्ये बसेना म्हणून! गायकाच्या ओठाला माइकचा चटका बसत होता आणि सगळे ते हसण्यावारी नेत होते. गिटारच्या तारा ब्रिजमार्फत अर्थलाच जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणारा माणूसच त्या सर्किटात उभा. मी बोर्ड बदलायला लावला, जनरेटरला अर्थिंग करून घेतलं. पिकअप विकला गेला नाही. तो गिटारवाला आता दर वर्षी तारा बदलायला येतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर दूधगंगेकाठच्या एका गावातून एक गिटार आली. घरात बरेच दिवस पाणी होतं. लाकूड फुगलेलं, तीनपैकी दोन पिकअप मुके. मी म्हटलं, नवी घे. मुलगा म्हणाला, "हीच पाहिजे ओ काका." उघडून बघितलं तर तार थेट चुंबकांच्या दांड्यांवर गुंडाळलेली, दांडे गंजलेले, आणि गंजाने आतली पहिलीच तार कुरतडलेली. म्हणजे बाहेरून सगळी कॉइल धडधाकट आणि तुटलेलं टोक नेमकं एक किलोमीटर आत. तिन्ही पिकअप नव्याने भरले, पण आधी दांड्यांना लॅकरचे दोन हात दिले. आमच्याकडचा चार महिन्यांचा पाऊस बघता हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. आता प्रत्येक बॉबिनला लॅकर लावूनच तार चढते, गिऱ्हाइकाने विचारो न विचारो.

लॉकडाऊनमध्ये कार्यक्रम बंद, ऑर्केस्ट्रावाले घरी. वाटलं, संपलं. उलट रिकाम्या बसलेल्यांनी जुन्या गिटारी काढल्या आणि वाहतूक सुरू झाल्यावर पार्सलं यायला लागली. तेव्हाच बायको वाइंडिंगला बसली. तिच्या बोटांतून तार माझ्यापेक्षा कमी तुटते, हे मी आता वाद न घालता मान्य करतो. दुकानाच्या मागच्या खोलीत मात्र अजून अण्णांच्या दोन-चार मोटरी पडलेल्या असतात. ओळखीचे शेतकरी त्यांच्याशिवाय कुणाला पंप दाखवत नाहीत.

एका कामासाठी मला अजून त्यांच्याकडे जावं लागतं. दोन पिकअप एकेकटे छान वाजतात आणि एकत्र लावले की नाकातून बोलल्यासारखे होतात, तेव्हा एकाची दिशा उलटी असते. ओळखायला मीटर लावून पिकअपच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा. सगळ्यांचा काटा एकाच बाजूला उडाला पाहिजे. डिजिटल मीटरवर नुसते आकडे नाचतात, दिशा नीट कळत नाही. म्हणून अण्णांचाच जुना काट्याचा मीटर मागून आणतो. ते देतात, पण परत करताना सेल काढून द्यायला सांगतात.