माठातला वाळा आणि ‘काढलं’चा रकाना

गेल्या उन्हाळ्यात पिण्याचं पाणी सुगंधी करायला त्यात काय काय टाकायचं याची भलीमोठी यादी केली होती आणि त्यातलं निम्मं पाणी कुंड्यांना घातलं होतं. म्हणून यंदाच्या वहीत दोन रकाने आखले: ‘टाकलं’ आणि ‘काढलं’. पहिल्यापेक्षा दुसराच जास्त कामाचा निघाला.

८ मार्च
नवा माठ आणला. लाल मातीचा, दहा लिटरचा, तोटीवाला. दोन दिवस काठोकाठ भरून ठेवला आणि ते पाणी टाकून दिलं. कोऱ्या मातीचा वास सुरुवातीला इतका भरलेला असतो की त्यात दुसरं काही घालणं म्हणजे वाया घालवणं. शिवाय मला तो वास आवडतो. पुढे आठवडाभर माठातलं नुसतं मातीच्या वासाचं पाणी प्यायलो.

१७ मार्च
वाळा, म्हणजे खस गवताची सुवासिक मुळं. घराजवळच्या एका दुकानातून जुडी आणली. स्वच्छ, सोनेरी, दिसायला सुरेख. पाण्यात दोन दिवस ठेवली तरी ढिम्म वास नाही. आईचं माहेर अकोल्याचं, दारं-खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारण्यात तिचे उन्हाळे गेले. तिने चार काड्या मुठीत चुरल्या, नाकाशी नेल्या आणि म्हणाली, “यातलं तेल आधीच कुणीतरी काढून घेतलंय रे. ही नुसती दोरी आहे.” अत्तरासाठी वाफेवर तेल काढून घेतलेली मुळं दिसायला वाळ्यासारखीच राहतात, त्यामुळे तिचं म्हणणं खरं असावं.

दुसरी जुडी रविवार पेठेतून, काष्ठौषधींच्या, म्हणजे वाळलेल्या जडीबुटींच्या दुकानातून आणली. काळपट, मातीने माखलेली. दुकानातच बोट ओलं करून एका मुळावर घासलं. लगेच वास सुटला. आता वाळा असाच पारखून घेतो.

२१ मार्च
पाच पाण्यांतून धुतला. पहिलं पाणी चहासारखं, पाचवं नितळ. १२ ग्रॅम वाळा मलमलच्या पुरचुंडीत बांधून माठात सोडला. पहिल्या दिवशी चव जरा मातकट, दुसऱ्या दिवशी अगदी जमलेली, तिसऱ्या दिवशीही छान, चौथ्या दिवशी पुरचुंडी हाताला किंचित बुळबुळीत लागली. ‘काढलं’ रकान्यात लिहिलं: तिसऱ्या दिवशी रात्री. मग तो दिवसभर कडक उन्हात वाळवायचा, तोवर दुसरी पुरचुंडी माठात. अशी एक पुरचुंडी सहा वेळा चालली. सातव्यांदा पाणी नुसतं पाणीच राहिलं.

मोगऱ्याचा वास रात्रीत उडतो आणि वाळ्याचा आठवडे टिकतो, कारण वाळ्याचं तेल जड, सावकाश उडणारं. अत्तरवाले म्हणूनच त्याला मिश्रणाच्या तळाला, शेवटपर्यंत टिकणारा वास म्हणून धरतात. आणि हो, या पाण्याला अगदी फिकी पिवळसर झाक येते. खस म्हटलं की हिरवा रंग डोळ्यांपुढे येतो, तो सरबताच्या बाटलीतला. मुळांत हिरवं काही नाही.

४ एप्रिल
बोलणी खाल्ली. लिंबाच्या चकत्या थेट माठात टाकल्या होत्या. “अरे, माठ बाटवलास की!” आईचं बरोबर होतं. माठाची छिद्रं वास धरून ठेवतात. नंतर तीन दिवस वाळ्याच्या पाण्यामागून शिळं लिंबू डोकावत होतं. शिवाय रात्रभरात चकत्यांच्या पांढऱ्या सालीने पाणी कडू केलं. नियम केला: माठात फक्त वाळा, बाकी सगळं काचेच्या बरणीत. तांब्याच्या भांड्यात तर लिंबू किंवा आमसूल नकोच, आंबटाने तांबं पाण्यात उतरतं.

बरणीतले ‘काढलं’: लिंबाची वरची पिवळी साल, पांढरं न घेता, दोन तास. पुदिना हातावर एकदा आपटून, चार तास. नंतर पाला शिजल्यासारखा लागतो. काकडी फ्रिजमध्येच, आणि सकाळची संध्याकाळी संपवायची. तुळस मला जमलेली नाही. पाणी काढ्यासारखं लागतं, आणि काढा प्यायला मी आजारी नाही.

१९ एप्रिल
दुपारी तीनला गॅलरीत ३९ अंश, माठातलं पाणी २४. हवा कोरडी आहे तोवर माठाची चंगळ. फार गार पाण्यात वास कळत नाही, म्हणून वाळ्याचं पाणी फ्रिजमध्ये ठेवू नका. केलं होतं, फुकट गेलं.

२७ एप्रिल
मोगरा. फक्त घरच्या कुंडीतला. बाजारातल्या गजऱ्यावर काय फवारलंय कोण जाणे. पहिल्या रात्री फुलं पाण्यात बुडवली. सकाळी पाकळ्या तपकिरी आणि चव भाजीच्या देठाची. दुसऱ्या रात्री संध्याकाळच्या मिटलेल्या, टपोऱ्या कळ्या देठं खुडून घेतल्या आणि पसरट काचेच्या भांड्यात अलगद तरंगत ठेवल्या, वर झाकण. खुडलेली कळीसुद्धा रात्री उमलते आणि वास सोडत राहते, तो झाकणाखाली कोंडून पाण्यात उतरतो. एका लिटरला नऊ कळ्या. सकाळी सहाला काढल्या. ते पाणी पिताना घरात कुणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आळसाने नऊपर्यंत ठेवल्या, तर वास जड होऊन डोक्यात गेला. तीन तासांत एवढा फरक!

११ मे
शेजारच्या काकू केरळातल्या त्रिशूरच्या. त्यांच्याकडे पाणी गुलाबी असतं, पतिमुखम घालून उकळलेलं. आपल्याकडे त्या लाकडाला पतंग म्हणतात. त्यांनी मूठभर ढलप्या दिल्या. दोन लिटरला पाच-सहा ढलप्या, एक उकळी, रंग चढला की लगेच गाळायचं. मी विसरलो, सकाळी पाणी लालभडक आणि तुरट. चव तशी फारशी नाहीच, गंमत रंगाची: पेल्यात लिंबू पिळलं की गुलाबीचं पिवळं होतं, चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की परत लाल. पुतणीने सात पेले खेळण्यात घालवले.

२ जून
वळवाच्या दोन सरी झाल्या. बाहेर ३३, माठात २८. दमट हवेत माठाचा घाम वाळत नाही. बाहेरून चढलेले पांढरे क्षार नारळाच्या काथ्याने घासले, साबण लावला नाही. वाळा शेवटचा वाळवून आईच्या साड्यांच्या कपाटात गेला. मोगऱ्याला अजून कळ्या आहेत. कुणी पाण्यात सोनचाफा करून पाहिला असेल, तर काढलात कधी तेवढं सांगा.